जाहिरातीचा पैसा, मैदानावरचा खेळ आणि विद्यापीठ बदलणारे खेळाडू

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशामुळे त्यांचा खेळ सुधारतो का, आणि त्याच पैशापायी ते विद्यापीठे बदलत सुटले आहेत का, असा आपला प्रश्न आहे. तिथले महाविद्यालयीन फुटबॉल (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळले जाणारे अमेरिकन फुटबॉल) मी अनेक वर्षे मनापासून पाहत आलो आहे आणि माझे मत असे की, पैसा बहुधा खेळाच्या मागून येतो. विद्यापीठ बदलण्याशी त्याचा संबंध खरा आहे, परंतु लोक समजतात तितका सरळ नाही.

खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरून कमाई करण्याची मुभा एनसीएए या नियामक संस्थेने १ जुलै २०२१ पासून दिली. त्याच्या काही महिने आधीच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, तिने दुसराही एक नियम बदलला होता. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीत विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला पूर्वी साधारणतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. ती अट पहिल्या बदलापुरती काढण्यात आली. पुढे २०२४ मध्ये, न्यायालयात हार पत्करावी लागल्यावर, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूंसाठी किती वेळा बदल करावा यावरचे बंधनही गेले. हे दोन दरवाजे जवळजवळ एकाच वेळी उघडल्यामुळे, आत आलेला वारा नेमका कोणत्या दारातून आला हे केवळ स्थलांतरांचे आकडे पाहून ठरवता येत नाही, आणि या विषयावरील बहुतेक वादांत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

शिवाय पैसा नसतानाही खेळाडू जात होतेच. जो बरो नावाचा खेळाडू २०१८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला तो खेळायची संधी मिळावी म्हणून, आणि २०१९ मध्ये त्याने वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये १२ पैकी केवळ ३ सामने जिंकला होता. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, त्यांच्या जुन्या संघातील अनेक खेळाडू त्यांच्यामागोमाग आले, आणि २०२४ मध्ये त्याच संघाने ११ सामने जिंकले. खेळाडू जागा सोडतो त्यामागे प्रशिक्षक आणि मैदानावर मिळणारा वेळ ही मोठी कारणे असतात. सोडायचे ठरल्यावर कुठे जायचे, हे मात्र आता पैसा पुष्कळदा ठरवतो.

याला उलटी उदाहरणेही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये यूएनएलव्हीचा (नेवाडा विद्यापीठ, लास व्हेगास) क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, मॅथ्यू स्लुका याने, संघ पहिले तिन्ही सामने जिंकलेला असताना, संघ सोडला. एक लाख डॉलर देण्याचे वचन पाळले गेले नाही असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते आणि विद्यापीठाच्या बाजूने ते नाकारले गेले. खेळाडूला महाविद्यालयात ठरावीक वर्षेच खेळता येते, पण हंगामात चारपेक्षा जास्त सामने न खेळलेल्या खेळाडूचे ते वर्ष शिल्लक राहते, म्हणून त्याने तिसऱ्या सामन्यानंतरच पाऊल उचलले. त्याच्याशिवाय यूएनएलव्हीने तो हंगाम ११ विजयांवर संपवला, हेही लक्षात घ्यावे.

खेळ सुधारण्याबद्दल बोलायचे तर, मोठे करार ज्यांना मिळतात ते आधीच उत्तम खेळणारे किंवा समाजमाध्यमांवर लोकप्रिय असतात. त्यामुळे श्रीमंत खेळाडू चांगले खेळतात या निरीक्षणावरून पैशाने खेळ सुधारला असे म्हणता येत नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२२ मध्ये देशातील सर्वोत्तम गणला गेलेला नवोदितांचा गट आणला आणि त्याच वर्षी ५ विजय, ७ पराभव अशी अवस्था झाली. अठरा वर्षांच्या मुलांना सांघिक खेळात मुरायला वेळ लागतो. तो वेळच विकत मिळत नाही, असे मला फार वाटते.

जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम वाटू शकतात (२०२५-२६ मध्ये ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती), त्यामुळे जाहिरात आणि पगार यांतील सीमा आणखी पुसट होईल.

आपल्याकडून टेनिस किंवा पोहण्याची शिष्यवृत्ती घेऊन तिकडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला काम करण्यावर कडक मर्यादा असतात, आणि एनसीएएची मुभा असली तरी अमेरिकेत राहून जाहिरात केल्यास व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. तेव्हा कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि व्हिसाच्या वकिलाला विचारावे.