‘निफाड’ची वेलांटी कुठे गेली?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मराठी

प्रश्न : माझा प्रबंध जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीवर आहे. लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या प्रणालीत) मजकूर टाकला तर ‘निफाड’ची वेलांटी ‘न’च्या उजवीकडे पडते आणि ‘त्र्यंबकेश्वर’ पाय मोडून सुटे दिसते. तीन फाँट बदलून पाहिले.
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : फाँट आणखी बदलू नका. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) ‘नि’ साठवताना आधी ‘न’ आणि मग वेलांटी, असाच क्रम असतो. वेलांटी डावीकडे नेणे, जोडाक्षर जुळवणे हे देवनागरीच्या जुळणीच्या नियमांचे काम, आणि ते नियम लागू करा असे लाटेकला सांगावे लागते. लाटेकच्या प्रकारांपैकी पीडीएफलाटेकवर मराठीचा नाद सोडा, झीलाटेक घ्या. ओव्हरलीफवर (लाटेक ऑनलाइन चालवण्याच्या संकेतस्थळावर) ते सेटिंग्जमधल्या ‘कंपायलर’मध्ये जाऊन निवडावे लागते. मग फाँटस्पेक पॅकेजने मुख्य फाँट ठरवताना चौकटी कंसात ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ लिहा (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत). नेमके हेच राहून गेलेले असते. शेजारी ‘लँग्वेज=मराठी’ लिहिले, तर फाँटमध्ये सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. लुआलाटेक हा दुसरा प्रकार वापरत असाल तर ‘रेंडरर=हार्फबझ’ हेही जोडा.

अख्खे प्रकरण ओतण्याआधी एकच ओळ चालवून पाहा : ‘निफाड, सिन्नर, त्र्यंबकेश्वर, येवला, शेतकऱ्यांच्या’. पहिल्या दोन नावांत वेलांटी तपासली जाते, तिसऱ्यात जोडाक्षर, ‘येवला’त मराठी ‘ल’ आणि शेवटच्या शब्दात ‘ऱ्य’. पॉलिग्लॉसिया या भाषा ठरवणाऱ्या पॅकेजात मुख्य भाषा मराठी ठेवायला विसरू नका. नाहीतर ‘द्राक्षबागायतदारांच्या’सारखे शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, समासात घुसतात.

प्रश्न : पहिली दोन प्रकरणे जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. कॉपी केली की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो.
– एक प्राध्यापक, सिडको, नाशिक

उत्तर : त्या फायलीत मराठी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत, म्हणून फाँट काढला की मूळ अक्षरे उघडी पडतात. युनिकोड परिवर्तक वापरा, पण मजकुरातले इंग्रजी शब्द आधी बाजूला काढा, कारण साध्या मजकुरात कोणता शब्द कोणत्या फाँटमधला हे परिवर्तकाला कळत नाही आणि इंग्रजी नावांचेही तो अगम्य मराठी करून टाकतो. नंतर रफार आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘ॲ’चेही तसेच. शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप ठेवा.

प्रश्न : लाटेकमध्ये ओळींना दीडपट अंतर दिले तरी मार्गदर्शक म्हणतात, ओळी दाट आहेत. वर्डमध्ये त्या मोकळ्या दिसतात.
– एक संशोधक, पंचवटी

उत्तर : लाटेक आणि वर्ड, दोघांचे ‘दीडपट’ वेगळे आहे. सेटस्पेस पॅकेजची ‘वनहाफस्पेसिंग’ आज्ञा अक्षराच्या आकाराची दीडपट धरते, म्हणजे १२ पॉइंटला १८. वर्ड मात्र फाँटच्या स्वतःच्या ओळ-उंचीची दीडपट घेतो आणि मात्रा-उकारांमुळे देवनागरी फाँटची ही उंची मुळातच जास्त असते. त्याच पॅकेजच्या ‘सेटस्ट्रेच’ आज्ञेला १.५ द्या, ओळी सुमारे २१.७५ पॉइंटवर जातील. छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. नाहीतर पानच आकसते आणि बाइंडिंगसाठी सोडलेला ३८ मिलिमीटरचा डावा समासही नेमका राहत नाही.

प्रश्न : शोधगंगेसाठी (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी) पीडीएफ तयार आहे, पण तीत मराठी शब्द शोधला तर सापडत नाही.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पानावर उमटतात ते आकार. ते कोणत्या अक्षरांचे, ही नोंद पीडीएफमध्ये नीट गेलेली नसते. झीलाटेकमध्ये दस्तऐवज सुरू होण्याआधी ‘झीटेक-जनरेट-ॲक्च्युअल-टेक्स्ट’ ही आज्ञा १ वर ठेवा (रोमनमध्ये सलग, मधल्या रेघा न देता) आणि फाइल पुन्हा चालवा. मग एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे ‘निफाड’ धड दिसले, तर प्रकरणवार फायली खुशाल पाठवा.