आर्क्टिकमधल्या प्राचीन माणसांची दगडी हत्यारं इतकी चिमुकली का?

तुम्ही फोटोत नखाएवढे दगडी तुकडे पाहिलेत आणि विचारताय की पांढऱ्या अस्वलांच्या मुलखात असली खेळण्यातली हत्यारं कशाला बनवली असतील.

खेळण्यातली नाहीत हो. तुम्ही पाहिलंत ते हत्यार नाहीच, नुसतं पातं आहे. दाढीचं ब्लेड पाहिलंत, रेझर हरवलाय.

१९४८ साली पुरातत्त्वज्ञ लुई गिडिंग्ज अलास्कात केप डेनबिगजवळ इयातायेत इथे खणत होते. सगळ्यात तळच्या थरात त्यांना ही बारीक पाती मिळाली. पुढे अलास्कापासून ग्रीनलंडपर्यंत त्याच घराण्यातली हत्यारं निघाली, आणि नावच पडलं 'आर्क्टिक स्मॉल टूल ट्रॅडिशन', म्हणजे आर्क्टिकमधली लहान हत्यारांची परंपरा. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी ही माणसं ग्रीनलंडच्या पार उत्तर टोकाला, पिअरी लँडला पोचली होती. महिनोन्‌महिने सूर्य नाही, झाड नाही, चुलीत वाहून आलेली लाकडं.

आता बारीक का? पुरातत्त्व शिकत असताना मी स्वतः अशी पाती काढायचा प्रयत्न केलाय. मांडीवर चामडं, त्यावर गारगोटीचा गोळा आणि तांब्याचं टोक बसवलेली काठी. ठोकायचं नाही, दाबायचं. पहिल्या दुपारी निघाला तो नुसता चुरा आणि माझ्या बोटातून रक्त. पण जमू लागलं की एकाच गोळ्यातून एकामागून एक पाती सुटतात. तेवढ्याच दगडाची एक मोठी सुरी केली तर धार मिळते वीतभर. पाती काढली तर हातभर. वर्षातले बरेच महिने दगड बर्फाखाली गाडलेला असतो आणि बिऱ्हाड पाठीवर असतं, तिथे हा हिशोब मोठा. पातं बोथट झालं की टाका, दुसरं बसवा.

बसवायचं कशात, ते पश्चिम ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरातल्या केकेर्तासुस्सुकला दिसतं. गोठलेल्या जमिनीमुळे तिथे लाकडी मुठीसुद्धा टिकल्या. तिथेच सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या केसांचा पुंजका मिळाला, त्यातून २०१० मध्ये त्याचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच वाचला गेला. नातं निघालं ईशान्य सायबेरियाशी. (टक्कल पडण्याचा संभव होता, हेही कळलं. बिचारा.) बारीक पाती आपल्या जळगाव जिल्ह्यात पाटण्यालाही मिळालीत, पण ती कितीतरी जुनी, तिथे नातं जोडू नका.

मला विचाराल तर त्यांच्या हत्यारांच्या पेटीतलं खरं रत्न म्हणजे ब्युरिन. दगडाच्या कडेवरून एक चिंचोळी चीप उडवायची, की छिन्नीसारखा भक्कम कोपरा तयार होतो. त्याने शिंग, हाड, वॉलरसचा सुळा कोरायचा. भाल्याची टोकं यातूनच होतात, म्हणजे हे हत्यारं बनवायचं हत्यार. कोपरा झिजला की आणखी एक चीप उडवायची, धार पुन्हा नवी.

आणि ती उडालेली चीप? काडेपेटीच्या काडीहूनही बारीक. कुणीही कचरा म्हणून झाडून टाकेल. गिडिंग्जनी ती नीट पाहिली, तर काहींच्या टोकाला मुद्दाम धार लावलेली होती. तुमच्या फोटोत असा काडीसारखा तुकडा असेल तर मोठा करून त्याचं टोक बघा.