धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) दाव्याचा निकाल २५ फेब्रुवारी २०२० ला विरोधात लागला, लॉकडाऊनमुळे यवतमाळला अपील करायचं राहिलं. कोरोनाची सवलत अजून मिळेल का?

नाही, ती सवलत मे २०२२ अखेर संपली; आता अपील करायचं तर उशीर माफीचा अर्ज जोडूनच. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. या काळात ज्यांची मुदत संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस दिले. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस असतात, म्हणजे तुम्ही त्यातच बसत होता. अर्ज मुदत कायद्याच्या कलम ५ खाली करा. पण "लॉकडाऊन होता, एसटी बंद होती" हे २०२२ नंतरच्या उशिराला चालत नाही. त्या पुढच्या काळाचं कारण कागदानिशी दाखवावं लागेल, आणि ते सोपं नाही. निकालाच्या नकलेवरचा शिक्का नीट बघा, बरेचजण बघतच नाहीत: नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली हे त्यावर असतं. अर्ज मुदतीत दिला असेल तर तेवढे दिवस वजा होतात. हे सगळं अपिलापुरतं. मूळ दावाच दाखल करायचा राहिला असेल तर कलम ५ लागत नाही.