चाचणीतले गुण आणि घरातला दिवस

मेंदूविकारांवरील औषधचाचण्यांविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो: औषध चाचणीत ‘यशस्वी’ ठरले की आपल्या माणसाला बरे वाटणारच, असे गृहीत धरले जाते. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव घातले की नवे औषध मिळतेच का?

नाही, बहुतेक मोठ्या चाचण्यांत औषध कोणाला आणि प्लासिबो (औषधासारखाच दिसणारा, पण औषध नसलेला डोस) कोणाला, हे सोडतीसारखे ठरते.

प्रश्न : आईला अल्झायमरची सुरुवात आहे. लेकानेमॅब या औषधाने आजार २७ टक्के मंदावतो, असे वाचले. तिची स्मरणशक्ती तेवढी परत येईल का?

परत येणार नाही. २७ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो एकटाच पुढे करणे ही दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लेकानेमॅबच्या चाचणीतील मोजपट्टी ० ते १८ गुणांची होती आणि गुण जितके जास्त तितका आजार पुढे गेलेला, असा तिचा अर्थ होता. अठरा महिन्यांत औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ ने आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे १.६६ ने वाढले. म्हणजे प्रकृती दोन्ही गटांची ढासळली, फरक पडला तो ०.४५ गुणांचा. हाच फरक १.६६ च्या तुलनेत मांडला की २७ टक्के होतात, आणि ठळक अक्षरांत छापले जाते ते एवढेच. अर्ध्या गुणाहूनही कमी असलेला हा फरक घरात जाणवतो का, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घेणे, वारंवार एमआरआय करणे आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा त्यात सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका आहे. त्यामुळे टक्केवारी बाजूला ठेवून न्यूरॉलॉजिस्टना विचारा, की आईच्या रोजच्या कोणत्या कामात किती काळ फरक पडेल. मात्र ‘वयामुळे विसरते’ म्हणत महिने घालवू नका, कारण हे औषध सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहे.

प्रश्न : अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन स्कॅनमध्ये दिसेनासे झाले म्हणजे आजार गेला, असा संदेश फिरतो आहे. तो खरा आहे का?

नाही. अमायलॉइड कमी होते या आधारावर अमेरिकेत जून २०२१ मध्ये अ‍ॅड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरील औषधाला त्वरित मान्यता मिळाली, रुग्णाच्या जगण्यातील लाभाविषयीचा वाद मिटला नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. असे संदेश पुढे पाठवू नका.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन आहे. चाचणीत त्यांचे गुण सुधारले म्हणतात, पण रात्री घरात कोणाचीच झोप होत नाही. हे कोण मोजते?

बहुधा कोणी नाही, आणि हीच माझी जुनी तक्रार आहे. पार्किन्सनच्या प्रचलित मोजपट्टीत झोप आणि बद्धकोष्ठता यांविषयी प्रश्न आहेत, परंतु अनेक चाचण्यांचा निकाल मुख्यतः बोटांची हालचाल, ताठरपणा आणि चाल यांच्या गुणांवर लागतो. काळजी घेणाऱ्यावरील ताण मोजणारी २२ प्रश्नांची झॅरिट प्रश्नावली कित्येक वर्षांपासून उपलब्ध असूनही ती क्वचितच केंद्रस्थानी येते. एका रुग्णाचे गुण सुधारल्याचे मी समाधानाने सांगत असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “शर्टाची बटणं अजून मीच लावते, रात्री चार वेळा कुशीवर मीच वळवते.” माझ्यासमोरच्या तक्त्यात या दोन्हींपैकी एकाचीही नोंद नव्हती. पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराची वही सोबत न्या: ते रात्री किती वेळा उठले, कोणाला उठवावे लागले, दिवसा कोणते काम अडले, आणि ही माहिती नोंदवून घ्या, असा आग्रह धरा. गोळ्यांचे प्रमाण स्वतःहून बदलू नका. झोपेच्या तक्रारीवर वेगळे उपचार असू शकतात, म्हणून त्यासाठी पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना आधीच कळवा.