एमसीएममध्ये तिघांनी काम कसं वाटून घ्यावं?

तुम्ही तिघं बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉमॅप या अमेरिकन संस्थेच्या एमसीएम या गणिती मॉडेलिंगच्या स्पर्धेत (प्रत्यक्षातला प्रश्न गणितात मांडून सोडवायचा) उतरायचंय, आणि शुक्रवार पहाट ते मंगळवार सकाळ अशा चार दिवसांत कुणी काय करायचं हा तुमचा प्रश्न आहे. मॉडेल, कोड आणि लेखन अशी वाटणी बहुतेक संघ करतात. ती ठीकच आहे, फक्त लिहिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लिहीत राहायला हवं.

बिनसतं ते इथेच. दोघं रविवारपर्यंत मॉडेल आणि कोडमध्ये गुंतलेले, तिसरा "तुमचं झालं की लिहितो" म्हणून थांबलेला, आणि सोमवारी रात्री सगळा पेपर एकदम लिहायची वेळ येते. परीक्षकांपर्यंत पोहोचते ती फक्त तुमची पीडीएफ. शुक्रवारी दुपारपासूनच गृहीतकं, प्रत्येक गृहीतकामागचं कारण आणि चिन्हांचा तक्ता लिहायला घ्या. लिहिताना जे समजावता येत नाही, तिथे मॉडेलच कच्चं असतं, आणि ते शुक्रवारी कळलेलं बरं.

वेळ आपल्या घड्याळात मांडून ठेवा. प्रश्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी संध्याकाळी 5 वाजता खुले होतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे 3:30. काम मंगळवारी सकाळी 6:30 ला थांबवायचं. पहाटे एकाने उठून प्रश्न उतरवून घेतले तरी पुरे, बाकीच्यांनी झोप काढावी.

प्रश्न एकच निवडायचा. ए प्रश्न सलग बदलणाऱ्या राशींचा, बी विविक्त (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींच्या) गणिताचा आणि सी दिलेल्या डेटाचा असतो. डी, ई, एफ हे आयसीएम या जोडीच्या आंतरविद्याशाखीय स्पर्धेचे. विकलक समीकरणं पक्की असतील तर ए, पायथॉन हाताखालचं असेल तर सी. सी सोपा वाटतो, पण तिथे मशीन लर्निंगच्या चार पद्धती ओतून "ही का?" याचं उत्तर न देणारे पेपर मागे पडतात. निवडताना एवढंच विचारा: शनिवारी दुपारपर्यंत यातून एक तरी आकडा हाती येईल का?

पहिलं मॉडेल साधंच असू द्या. सरावाला घरचाच विषय घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला. अशा वेळी नदीत किती पाणी येतं? एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,00,000 घनमीटर पाणी. त्यातला 0.6 वाटा वाहून येतो आणि तो 6 तासांत उतरतो असं धरलं, तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे 2.8 घनमीटर. आता वाटा 0.5 ते 0.7 असा हलवून बघा: प्रवाह 2.3 ते 3.2 होतो. पण 6 ऐवजी 3 तास धरले की तो थेट 5.6 वर जातो. म्हणजे जीव ओतायचा तो पाणी उतरायला लागणाऱ्या वेळेच्या अंदाजावर, वाहून येणाऱ्या वाट्याच्या तिसऱ्या दशांशावर नव्हे. संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात ते हेच. शेवटी एक आलेख चिकटवून ते उरकणारे संघ खूप असतात, आणि मला तरी ते बघून हळहळ वाटते, कारण मॉडेल कुठे सुधारायचं हे तेच सांगत असतं. रविवारचा दिवस त्याला द्या.

सोमवारी दुपारनंतर कोडला हात लावू नका. सारांशाच्या एका पानाला दोन-तीन तास राखून ठेवा, कारण पहिल्या चाळणीत त्यावर बराच भार असतो. "आम्ही एक मॉडेल तयार केलं" असं लिहून काही कळत नाही. काय विचारलं होतं, तुम्ही काय केलं, कोणता आकडा आला आणि तो किती भरवशाचा, हे आलं पाहिजे. पेपर इंग्रजीतच लागतो. छोटी वाक्यं लिहा. सारांश, अनुक्रमणिका, आकृत्या, संदर्भ सगळं धरून मर्यादा 25 पानांची. चॅटबॉट वापरलात तर कुठे आणि कसा, याचा अहवाल शेवटी जोडायचा. तो या पानांत मोजत नाहीत.

स्पर्धा सुरू झाल्यावर संघाबाहेरच्या कुणालाही विचारायचं नाही, मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमनाही नाही, आणि प्रश्नोत्तरांच्या साइटवरही नाही. पुस्तकं आणि इंटरनेटवरचे लेख चालतात.

नोंदणी मार्गदर्शक प्राध्यापकच करतात, म्हणून त्यांना डिसेंबरातच गाठा. उत्तरायण आटोपलं की हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. शुल्क संघामागे आणि डॉलरमध्ये असतं. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, नाहीतर ऐन वेळी पैसे जात नाहीत. प्रत्येक पानावर संघाचा नियंत्रण क्रमांक (नोंदणी केल्यावर मिळणारा) टाका. तुमचं, सरांचं किंवा विद्यापीठाचं नाव पेपरात कुठेही येता कामा नये. आलेखांच्या कोपऱ्यात आणि कोडमधल्या फोल्डरच्या नावातही ते राहून गेलेलं असतं, तेवढं पाठवण्याआधी तपासा.