वाचकांचे प्रश्न: जपानमधल्या गल्लीतल्या बुद्धमंदिरात जाताना

प्रश्न : मुलाकडे टोकियोला जाणार आहोत. गर्दीची मोठी मंदिरं नकोत, वस्तीतलं एखादं शांत बुद्धमंदिर बघायचंय. ते ओळखायचं कसं? आत जायला विचारावं लागतं का? (वाचक, दापोली)

जपानी नकाशात बुद्धमंदिराची खूण म्हणजे स्वस्तिक, पण आपण उंबऱ्यावर काढतो त्याच्या उलट, डावीकडे वळलेलं. दोन खांबांवर आडव्या तुळया टाकलेली कमान, म्हणजे 'तोरी', दिसली तर ते बहुधा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान असतं. टोकियोत यानाका भागात जा. तिथे सुमारे ७० मंदिरं आहेत. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर त्यातली बरीच शहराच्या आतल्या भागातून इकडे हलली.

दार उघडं असेल तर अंगणात जायला हरकत नसते. मुख्य सभागृहाचं सरकतं दार बंद असेल तर ते मात्र आपण सरकवू नये. अशी मंदिरं चालतात ती 'दांका' घराण्यांवर, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांची थडगी मागच्या आवारात आहेत त्यांच्यावर. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने प्रत्येक घराला कुठल्या तरी मंदिरात नोंद सक्तीची केली, तेव्हापासूनची ही घडी. पुजारी शेजारीच बायकामुलांसह राहतात. १८७२ पासून त्यांच्या लग्नाला सरकारी आडकाठी नाही. तेव्हा वाळत घातलेले कपडे आणि लहान मुलाची सायकल दिसली म्हणून नाक मुरडू नका.

दुपारी चार-पाचच्या सुमारास बरीच दारं बंद होतात, म्हणून सकाळीच जा. शनिवार-रविवारी श्राद्धविधी असतात. काळ्या कपड्यातली माणसं जमलेली दिसली तर सरळ परत फिरावं. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनाच्या आसपासचा आठवडा आणि ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा सण (टोकियोत बऱ्याच ठिकाणी जुलैच्या, इतरत्र बहुधा ऑगस्टच्या मध्यावर), हे दिवसही त्या घराण्यांचेच.

प्रश्न : हातपाय कुठे धुवायचे? घंटा, नारळ, प्रदक्षिणा यांचं काय? (वाचक, चिपळूण)

आपली माणसं हमखास चुकतात ती इथेच, आणि पहिली चूक पायांची. आपण देवळात अनवाणी जातो. तिथे चपला काढायच्याच, पण ततामीच्या चटईवर उघडे पाय ठेवणं बरं दिसत नाही. स्वच्छ मोजे बरोबर ठेवा. उंबऱ्यावर आणि चटईच्या कापडी काठावर पाय देऊ नका.

दारापाशी पाण्याची कुंडी असली तर ती हात आणि तोंडासाठी आहे, पायांसाठी नाही. उजव्या हाताने पळी भरून आधी डाव्या हातावर पाणी घाला, मग पळी डाव्या हातात घेऊन उजव्यावर. पुन्हा उजव्या हातात पळी घ्या, डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरा आणि तो हात परत धुवा. शेवटी पळी उभी धरली की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसाला दांडा स्वच्छ मिळतो. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात बसवायचं. पळीला तोंड लावू नका, चूळ कुंडीत टाकू नका. करोनानंतर काही ठिकाणी पळ्या काढून टाकल्यात. तिथे वाहत्या धारेखालीच हात धरा.

आवारातल्या मोठ्या घंटेला परवानगीशिवाय हात लावू नका. बऱ्याच मंदिरांत ती ३१ डिसेंबरच्या रात्री १०८ वेळा वाजते. एरवी तुम्ही टोल दिलात तर अख्खी आळी दचकेल. सभागृहासमोर वर चपटी झांज आणि तिच्यापुढे दोर लोंबत असला तर दोर हलवून ती येताना वाजवावी. पेटीत नाणं हळूच सोडा, हात जोडा, वाका. टाळ्या नाहीत, त्या शिंतो देवस्थानात.

उदबत्ती तिथल्या मेणबत्तीवर पेटवा. दुसऱ्या भाविकाने लावलेल्या मेणबत्तीवर पेटवली तर त्याचं पाप आपल्याकडे येतं अशी समजूत आहे. ज्योत फुंकरीने विझवू नका, हाताने वारा घाला. बहुतेक पंथांत उदबत्ती राखेत उभी खोचतात. जोदो शिन्शू पंथात मोडून आडवी ठेवतात. आधीच्या उदबत्त्या कशा आहेत ते बघा आणि तसंच करा.

नारळ, तेल, हार नेऊ नका. प्रदक्षिणाही नको, मागे गेलात की थेट थडग्यांत पोचाल. तिथे फोटो तर काढूच नयेत.

प्रश्न : आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणतो. तिथे म्हटलं तर चालेल? आणि थडग्यांमागच्या उंच फळ्यांवरची अक्षरं कसली? (वाचक, महाड)

मनातल्या मनात किंवा पुटपुटत अवश्य म्हणा, फक्त कुणाचा विधी चालू असताना नको. समोरची मूर्ती शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांचीच असेल असं मात्र धरू नका. सोतो आणि रिन्झाई या झेन पंथांत बहुधा शाक्यमुनी असतात, जोदो आणि जोदो शिन्शूत अमिताभ बुद्ध, शिंगोन पंथात बऱ्याचदा वैरोचन बुद्ध.

त्या फळ्या म्हणजे 'सोतोबा', मूळ शब्द स्तूप. त्यांच्यावरची लिपी सिद्धम्, ब्राह्मीच्याच कुळातली. वरून खाली ख, ह, र, व, अ ही पाच बीजाक्षरं असतात: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. देवनागरी येणाऱ्याला थोडं निरखलं तर एखाददुसरं ओळखू येतं.

प्रश्न : तिथे गणपती आहे म्हणतात, खरं का? (वाचक, मालवण)

खरं आहे. त्याला कान्गितेन म्हणतात. टोकियोत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात त्याला दाइकोन, म्हणजे पांढरा मुळा वाहतात. मूर्ती झाकलेलीच असते, दर्शनाचा हट्ट धरू नका. क्योतोत मिळणारं 'कान्किदान' हे मोदकावरून आलेलं पक्वान्न तिळाच्या तेलात तळतात आणि त्यात सुगंधी मसाले असतात. उकडीच्या मोदकाची आशा धरून गेलात तर निराशा होईल.

प्रश्न : मंदिराचा लाल शिक्का घ्यायचाय. आणि पुजाऱ्यांना घरचे हापूस नेले तर? (वाचक, देवगड)

शिक्क्याला, म्हणजे दर्शनाची खूण म्हणून वहीत देतात त्या 'गोशुइन'ला, साधारण ३०० ते ५०० येन पडतात. सुटे न्या, आणि त्यासाठीची खास घडीची वहीच न्या. साध्या वहीत बहुधा देत नाहीत. आधी दर्शन, मग शिक्का. जोदो शिन्शूची मंदिरं सहसा देत नाहीत. बेल वाजवून कुणी आलं नाही तर पुजारी विधीला बाहेर गेलेले असतील. पुन्हा पुन्हा वाजवू नका.

हापूस नको. रोपसंगरोध प्रमाणपत्राशिवाय (फळांत कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय) ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात. भाजलेल्या काजूचं बंद पाकीट न्या आणि दोन्ही हातांनी द्या.