व्हीलचेअरवर स्टॅमिना मोजायचा कसा?

प्रश्न: वय ३४, बाईक ॲक्सिडेंटनंतर टी-१० पॅराप्लेजिया (छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा, दोन्ही पाय लुळे), घरी आर्म सायकल मारतो. जिमचा ट्रेनर म्हणतो २२० वजा वय करा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर पल्स न्या. स्मार्टवॉच तर व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) दाखवतच नाही. मग स्टॅमिना वाढतोय का हे कळणार कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, घड्याळ बिघडलेलं नाहीये, बहुतेक घड्याळं तो आकडा चालता-पळतानाचा स्पीड आणि पल्स यावरून काढतात, त्यामुळे तुमच्याबाबतीत त्यांची गाडी अडते. ट्रेनरचा फॉर्म्युला म्हणजे निव्वळ सरासरी, चालत्या-फिरत्या माणसातसुद्धा दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुमचं तर सगळं काम खांदे आणि दंड करतात, ते हृदयाआधीच दमतात. धडधाकट माणूससुद्धा नुसत्या हातांनी सायकल मारायला बसला तर पायांच्या मानाने साधारण ६०-७० टक्केच ऑक्सिजन वापरू शकतो. शिवाय पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं तेही तुमच्यात बंद, रक्त खालीच साचतं, हृदयात कमी परत येतं, मग ते भरपाई म्हणून जास्त ठोके मारतं. म्हणून तुमची १४० पल्स आणि पळणाऱ्या मित्राची १४० यांची तुलनाच करू नका.

अचूक आकडा हवा तर तोंडाला मास्क लावून आर्म एर्गोमीटरवर (लोड मोजता येणारी आर्म सायकल) लोड वाढवत नेतात आणि श्वासातला ऑक्सिजन मोजतात. स्पोर्ट्स खेळत असाल तर जरूर करा, नाहीतर माझ्या मते सहा मिनिटांची टेस्ट पुरते. आर्म सायकलवर असा लोड लावा की दम लागेल पण बोलता येईल, सहा मिनिटं एकाच लयीत मारा, शेवटची पल्स आणि 'किती जड गेलं' हे बोर्गच्या ६ ते २० स्केलवर (६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे पूर्ण जोर) वहीत लिहा. दीड-दोन महिन्यांनी तोच लोड, तीच लय, आणि पल्स कमी आली तर स्टॅमिना वाढला. सायकल नसेल तर १२ मिनिटांत सपाट ग्राउंडवर चेअर किती लांब जाते ते मोजायचं, फक्त चेअर तीच हवी आणि टायरमधली हवा आधी बघा, हवा कमी असली की अंतर घटतं आणि माणूस उगाच नाराज होतो!

मशीनवरच्या कॅलरींवर तर अजिबात जाऊ नका. ती मशीन विश्रांतीचा ऑक्सिजन किलोमागे मिनिटाला ३.५ मिली धरते, पॅराप्लेजियात तो २.७ च्या आसपास असतो, म्हणून कॅलरी फुगवून दाखवते.

प्रश्न: माझी टी-३ इंज्युरी आहे, कितीही जोर लावला तरी पल्स ११५ च्या वर जात नाही. हार्ट वीक आहे का?
– एक ताई, सांगली

उत्तर: ताई, हृदयाला वेग देणाऱ्या सिम्पथेटिक नसा साधारण टी-१ ते टी-५ मधून निघतात, तुमच्या इंज्युरीने त्यातल्या काहींचा मेंदूशी संपर्क तुटलाय, त्यामुळे पल्स वर चढत नाही. एकदा ईसीजी काढून घ्या म्हणजे मनातली शंका जाईल, पण व्यायामाचं माप पल्सवर ठेवू नका, बोर्ग आणि बोलता येतं का यावरच ठेवा.

आणि टी-६ किंवा त्याच्या वरच्या मणक्याची इंज्युरी असलेल्या सगळ्यांनीच टेस्टआधी ब्लॅडर रिकामं करायचं. मध्येच डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर ते दमणं समजू नका, बीपी भडकलेलं असू शकतं. लगेच थांबा, ताठ बसा, पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना बघा, आणि तरीही उतरलं नाही तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.